बोरिवलीचं नाव लावणारं फूल

बोरिवली मुंबईत यायच्या दोन वर्षं आधी वनस्पतिशास्त्रात जाऊन बसली. बृहन्मुंबईची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत सरकली ती १९५७ साली. तोवर बोरिवली ठाणे जिल्ह्यात मोडायची. १९५५ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाच्या ५२व्या खंडात, पान ८९७वर, साष्टी बेटावरच्या एका पावसाळी रोपाचं वर्णन छापून आलं. लिहिणारे दोघं होते, फादर हर्मेनगिल्ड सांतापाव आणि आर. आर. फर्नांडिस. रोपाला नाव दिलं क्लोरोफायटम बोरिविलिएनम.

यातलं पहिलं नाव कुळाचं, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचं. ग्रीकमधून आलेल्या त्या शब्दाचा अर्थ नुसता 'हिरवी वनस्पती', म्हणजे बारशाला आलेल्या आत्यानं बाळाचं नाव 'बाळ' ठेवावं तसा प्रकार. दुसरं नाव मात्र आपलं. लॅटिनचा साज चढवताना बोरिवलीचं 'बोरिविलि' झालं, पण गाव ओळखू येतं. जगातल्या कुठल्याही वनस्पतिसंग्रहात या जातीचा नमुना ठेवला की त्याच्या चिठ्ठीवर आपलं स्टेशन येतं. हेच रोप बाजारात 'सफेद मुसळी' म्हणून विकलं जातं, आणि त्या नावानं ते बहुतेकांनी ऐकलेलं असतं, शक्तिवर्धक गोळ्यांच्या जाहिरातीत तरी. मुसळीचं नाव घेतलं की ऐकणारा गालातल्या गालात हसतो. तिला फूल येतं आणि ते आपल्या गावचं आहे, हे सांगितल्यावर हसणं थांबतं.

मी बोरिवली पूर्वेला वाढलो. नॅशनल पार्कचं फाटक घरापासून चालत वीस मिनिटांवर. तरीही हे फूल पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझी तिशी उलटली होती. कान्हेरीच्या वरच्या अंगाला, पाऊस थोडा उघडलेला असताना, बरोबरच्या एका वनस्पतिशास्त्राच्या मास्तरांनी हात धरून थांबवलं. "पाय बघून टाका," म्हणाले. बुटापासून वीतभर अंतरावर सात-आठ लांबट पानं जमिनीला चिकटून गोल पसरली होती, कुणीतरी हिरवी चक्री ठेवून गेल्यासारखी. मधून वीत-दीड वीत उंचीचा एकच सरळ दांडा. त्यावर ठरावीक अंतरानं, बहुतेक ठिकाणी तीन-तीनच्या झुपक्यात, नखाएवढी पांढरी फुलं. सहा पाकळ्या, पिवळे पुंकेसर. वास मला तरी आला नाही. मास्तरांनी एक फूल न तोडता बोटावर तोललं आणि म्हणाले, "हे गोल नाही, नीट बघा." खरंच, पाकळ्या चाकाच्या आऱ्यांसारख्या सगळीकडून सारख्या बसत नव्हत्या. उभी रेघ मारली तरच डावी-उजवी बाजू जुळत होती. पुंकेसरही एका अंगाला कललेले.

ही तिरकी ठेवणच या रोपाची ओळख. याचा जवळचा भाऊ क्लोरोफायटम ट्यूबरोझम, त्याची फुलं मोठी आणि चारी बाजूंनी सारखी. जमिनीखालीही फरक आहे. भावाची मुळं दोऱ्यासारखी बारीक आणि त्यांच्या टोकाला गाठी लोंबतात. आपल्या बोरिवलीकराची मुळं बुडख्यापासूनच जाड, मांसल. शेंगदाण्याच्या लांब शेंगांचा घोस एका गाठीला बांधावा तशी. जुलै-ऑगस्टमध्ये फूल, मग तीन धारांचं छोटं बोंड, त्यात कांद्याच्या बियांसारखं काळं बी. पाऊस परतला की पानं पिवळी पडतात आणि दिवाळीच्या सुमारास जमिनीवर नावनिशाणी उरत नाही. वर्षाचे सात-आठ महिने हे रोप मातीखाली मुकाट पडून असतं. पुढे जे काही वाईट घडलं, त्यातलं बरंचसं या सवयीतून घडलं आहे.

आता प्रश्न असा की मुंबईच्या दारातलं रोप ओळखायला १९५५ साल का उजाडावं लागलं? या भागातली वनस्पतींची मोजदाद काही तेव्हा नव्यानं सुरू झाली नव्हती. डाल्झेल आणि गिब्सन यांची मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची यादी १८६१ची. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात त्याहून कितीतरी सविस्तर काम केलं. सेंट झेवियर्स कॉलेजात फादर एथेलबर्ट ब्लाटर या स्विस जेझुइटानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह उभा केला, तो आजही त्यांच्या नावानं धोबीतलावला आहे. इतकी माणसं साष्टीत फिरून गेली. त्यातल्या काहींनी हे रोप पाहिलं असणारच, पण पाहून 'हा तर ट्यूबरोझम' म्हणून पुढे गेली असणार. नमुना दाबून वाळवला की पांढऱ्या फुलाचा तपकिरी पापुद्रा होतो, त्याची तिरकी ठेवण त्या पापुद्र्यात कुठली दिसायला! ती दिसायला पावसात उकिडवं बसावं लागतं.

सांतापाव असे बसणारे होते. मूळचे स्पेनचे, १९०३चा जन्म, १९२८ साली भारतात आले आणि इथलेच झाले. झेवियर्समध्ये वनस्पतिशास्त्र शिकवलं, ब्लाटर यांच्या संग्रहाची निगा राखली, खंडाळ्याच्या वनस्पतींवर त्यांचं काम आजही चाळलं जातं. पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे ते संचालक झाले, १९६७ साली पद्मश्री मिळाली, १९७० साली मुंबईतच वारले. त्या काळच्या नियमाप्रमाणे नव्या जातीचं वर्णन लॅटिनमध्ये देणं सक्तीचं होतं; ही सक्ती उठली थेट २०१२ साली. तेव्हा बोरिवलीच्या कातळावरच्या या रोपाची पहिली रीतसर ओळख एका स्पॅनिश पाद्र्यानं आणि एका फर्नांडिसनी मिळून लॅटिनमध्ये करून दिली. मुंबईला शोभेलसंच झालं.

या वर्णनानंतर साधारण चाळीस वर्षं या नावाकडे अभ्यासक सोडले तर कुणी फिरकलं नाही. गडबड झाली ती औषधाच्या बाजूनं.

'मुसळी' हा शब्द या रोपाहून फार जुना. आयुर्वेदाच्या निघंटूंमध्ये, म्हणजे औषधींच्या जुन्या कोशांत, मुसली किंवा तालमूली येते, ती बहुतेक वैद्यांच्या मते काळी मुसळी, म्हणजे पिवळ्या फुलाचं एक वेगळंच बुटकं रोप. तेही नॅशनल पार्कात पावसाळ्यात दिसतं. सफेद मुसळीचा घोळ त्याहून मोठा. उत्तरेकडे शतावरीच्या एका जंगली जातीची सोललेली मुळं या नावानं विकली जायची. मध्य भारतात क्लोरोफायटमच्याच दोन-तीन जाती. सोलून वाळवलेलं पांढरं मूळ कुठल्या रोपाचं आहे, हे जडीबुटीच्या दुकानात ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. गुणधर्म मात्र ठरलेले: बल्य, रसायन, वाजीकर, म्हणजे ताकद देणारी, शरीराला पोसणारी, कामशक्ती वाढवणारी. गुजराती घरांत हिवाळ्यात मुसळीपाक करतात, आपल्याकडे डिंकाच्या लाडवात कुणीकुणी घालतं. इथवर सगळं घरगुती मापात होतं. जंगलातून निघणारी मुसळी डांग, सातपुडा, दक्षिण राजस्थान, मध्य प्रदेश इथल्या आदिवासींच्या हातातून व्यापाऱ्यापर्यंत यायची आणि खपायची.

मग दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. व्यापारात असं दिसून आलं की सगळ्या सफेद मुसळ्यांत बोरिविलिएनमचं मूळ जाड, सोलायला सोपं आणि वाळल्यावर पांढरंशुभ्र राहणारं. म्हणून मागणी त्याच जातीवर येऊन ठेपली. आणि १९९८ साली अमेरिकेत वायग्रा बाजारात आली. तिची बातमी जगभर पसरली तशी इथल्या जाहिरातवाल्यांना एक आयता शब्द मिळाला, 'हर्बल वायग्रा'. त्या दोन शब्दांनी या रोपाचं जेवढं नुकसान केलं तेवढं गुरांनी आणि वणव्यांनी मिळून शंभर वर्षांत केलं नसेल, असं माझं मत आहे. वाळलेल्या मुसळीचा भाव किलोला हजाराच्या घरात जाऊन पोचला. ज्या पाड्यावर रोजगार हमीचे पैसे महिनोन्महिने येत नाहीत, तिथल्या माणसाला डोंगरावर किलोला हजार रुपये पुरलेले दिसले तर तो कुदळ घेणार नाही तर काय करणार? खणणाऱ्याला त्यातला फार थोडा वाटा मिळायचा, ही गोष्ट वेगळी.

खणण्याची रीत समजून घेतली की नुकसान कसं होतं ते कळतं. या रोपाचा जीव मुळांत नसतो. तो मुळं आणि पानं जिथे जुळतात त्या चकतीत असतो, बोटाच्या पेराएवढ्या. डोळे तिथे असतात. मूळ कितीही जाडजूड असलं तरी त्याला चकतीचा तुकडा चिकटलेला नसेल तर ते उगवत नाही. म्हणजे खणणाऱ्यानं मुळं काढून घेतली आणि चकती दोन-चार मुळांसकट परत मातीत दाबली, तर पुढच्या मृगात रोप पुन्हा वर येतं. जिथे खणणारं माणूस त्याच डोंगराच्या पायथ्याशी राहतं आणि पुढच्या वर्षी तिथेच येणार असतं, तिथे हे करणं परवडतं. पण भाव चढला की डोंगरावर दोन नाही, वीस माणसं येतात. आपण चकती पुरली तर उद्या दुसरा ती उपटणार, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. शिवाय मूळ तयार होतं पानं वाळल्यावर, पण पानं वाळली की रोप सापडत नाही. म्हणून हिरवं असतानाच खणायचं, म्हणजे बी पडायच्या आत. बी पडलं तरी आनंदच आहे. उगवण फार कमी, बी लवकर निकामी होतं, आणि उगवलं तरी मूळ भरायला काही वर्षं जातात. अशा रोपाची एखाद्या उतारावरची सगळी पिढी दोन-तीन हंगामांत संपते.

सरकारनं यावर काढलेला उपाय म्हणजे लागवड. उदयपूरच्या कृषी महाविद्यालयात नव्वदच्या दशकात मुसळी शेतात घेण्याचं तंत्र बसवलं गेलं. गादीवाफा, पावसाच्या तोंडावर लावणी, पानं वाळल्यावरही मुळं तपकिरी होईतो जमिनीत राखायची, मग खणणी, धुणं, सोलणं, वाळवणं. पाच किलो ओली मुळं वाळून साधारण एक किलो होतात. २००० साली राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ स्थापन झालं, त्यानं ज्या ३२ वनस्पतींना प्राधान्य दिलं त्यांत सफेद मुसळी होती. औषधी वनस्पतींची केंद्र सरकारची संशोधन संस्था गुजरातेत आणंदजवळ आहे, तिच्या कामातही ही मुसळी आहे. त्या संस्थेच्या गावाचं नाव बोरियावी. पत्ता पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं छपाईची चूक आहे.

शेतात पीक आलं की जंगलावरचा भार उतरेल, हा हिशेब कागदावर बरोबर होता. पण पहिल्या लावणीचं बेणं येणार कुठून? बियाण्यावर भरवसा नाही, मग चकतीसकट मुळंच लावायची. एकरी क्विंटलांत. पहिल्या काही वर्षांचं हे बेणं जंगलातूनच आलं. म्हणजे औषधासाठी खणताना निदान चकती मागे राहण्याची शक्यता होती. बेण्यासाठी खणताना चकतीच हवी होती.

हे सगळं मला पुस्तकातून कळायच्या आधी मामाकडून कळलं. माझं आजोळ अकोटचं. सातपुड्याच्या पायथ्याचा तो पट्टा, अकोट-अंजनगाव सुर्जीकडचा, पानमळ्यांचा आणि पानपिंपळीचा. नाजूक, हातकामाची पिकं घ्यायची तिथल्या माणसांना सवय. मुसळी तिथे चांगली रुजली आणि आजही घेतली जाते. २००३च्या उन्हाळ्यात एका कंपनीचे दोन प्रतिनिधी मामाच्या वाड्यात आले. पांढरी गाडी, लॅमिनेट केलेली पत्रकं. बेणं आमच्याकडून घ्या, किलोला इतके. पीक आम्हीच उचलू, किलोला तितके. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर करार. मामानं अर्ध्या एकराचं बेणं घेतलं, आजीच्या पाटल्या मोडून. पीक उत्तम आलं. आम्ही दिवाळीच्या सुट्टीनंतर मुद्दाम थांबलो होतो. वाड्याच्या ओसरीवर सोलायला बायका बसलेल्या, तांदूळ निवडावा तशा एकेक मूळ उचलून पातळ सुरीनं साल काढायच्या, आणि चटईवर वाळत घातलेली मुळं चंद्रकळेवरच्या ठिपक्यांसारखी दिसायची. कंपनीचा फोन जानेवारीपर्यंत लागत होता. फेब्रुवारीत कार्यालयाला कुलूप. मामानं ती मुसळी पुढे अकोल्याच्या व्यापाऱ्याला करारातल्या दराच्या चौथाईनं घातली. त्या काळात महाराष्ट्रात अशी किती घरं बुडाली, त्याची गणती गावागावांत चालायची. कुणी मुसळीत, कुणी कोरफडीत, पुढे कुणी इमूत. मामाचं बोलणं आखडतं झालं एवढंच. पाटल्यांचा विषय आजीनं कधी काढला नाही. बेणं कुठून आणलं होतं, असं मी खूप वर्षांनी विचारलं तेव्हा मामा म्हणाला, "डांगातून आलं म्हणे. पोत्यात माती होती जंगलाची, पालापाचोळ्यासकट."

लागवड आता स्थिरावली आहे आणि भावही जमिनीवर आले आहेत, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट. जंगलातली खणणी त्यामुळे पूर्ण थांबलेली नाही, कारण रानची मुसळी जास्त गुणाची हा समज घट्ट आहे.

बोरिवलीत मात्र खणणीपेक्षा दुसऱ्याच गोष्टींचा जाच आहे. इथलं जंगल काय चीज आहे ते आधी सांगायला हवं. स्वातंत्र्याच्या आगेमागे कृष्णगिरी या नावानं वीसेक चौरस किलोमीटरचं छोटं राष्ट्रीय उद्यान झालं. कृष्णगिरी म्हणजेच कान्हेरी, तिथल्या काळ्या दगडावरून. पुढे विहार आणि तुळशी तलावांचा पाणलोट धरून हद्द वाढत गेली, नाव बोरिवली राष्ट्रीय उद्यान झालं, मग ऐंशीच्या दशकात संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. आज क्षेत्र १०३ चौरस किलोमीटरच्या वर. म्हणजे ज्या गावावरून रोपाचं नाव पडलं, त्या गावाचं नाव जंगलावरून पुसलं गेलं आणि रोपावर राहिलं. रिक्षावाला मात्र अजून नुसतं 'नॅशनल पार्क' म्हणतो.

उद्यानात कायद्यानं पानही तोडता येत नाही, त्यामुळे इथल्या रोपांना कागदावर पूर्ण संरक्षण आहे. हद्दीबाहेर पाऊल टाकलं की चित्र पालटतं. वन्यजीव कायद्यात १९९१ साली वनस्पतींसाठी वेगळं परिशिष्ट जोडलं, त्यात साऱ्या देशातल्या मोजून सहा वनस्पती होत्या. मुसळी त्यांत नव्हती. शहरासाठी १९७५चा झाडांच्या जतनाचा कायदा आहे, पण तो नावाप्रमाणे झाडांचा. महापालिकेच्या मागच्या वृक्षगणनेत मुंबईत २९ लाख ७५ हजारांवर झाडं भरली, रस्त्याकडेच्या गुलमोहरापर्यंत सगळी. ज्याला खोड नाही आणि जे वर्षातून चार महिनेच दिसतं, ते कुठल्या रकान्यात लिहिणार? आरेच्या उतारावर किंवा गोराईच्या टेकाडावर बांधकाम निघालं तर अहवालात किती झाडं तुटणार ते येतं, त्यावर आंदोलन होतं, कोर्टकचेरी होते. ते सगळं व्हायलाच हवं. त्याच उतारावर मातीखाली झोपलेल्या कंदांची नोंद व्हायला पाहणी करणाऱ्यानं जुलैत जायला हवं, आणि पाहण्या होतात उन्हाळ्यात, रस्ता कोरडा असतो म्हणून. ठाणे-बोरिवली जोडबोगदा मागाठाण्याकडून उद्यानाच्या पोटातून जातो आहे. खोल बोगद्यानं वरच्या रोपाला काही होत नाही, तोंडाशी जे होतं तेच बघायचं.

मला विचाराल तर बोगद्यापेक्षा घातक वृक्षारोपण. हे वाचून काही मित्र रागावतील. कातळावरचा, गवताचा, उन्हात वैराण दिसणारा उतार ही या रोपाची आवडती जागा. त्याच्याबरोबर काळी मुसळी, कळलावी, सापकांदा, भुईऑर्किडच्या जाती अशा जागी राहतात, सगळ्यांचे कंद खाली आणि वर मे महिन्यात फक्त धूळ. जूनच्या पहिल्या रविवारी कुठल्यातरी कार्यालयाची बस येते, टोप्या वाटल्या जातात आणि 'ओसाड' टेकडीवर दीड-दीड फुटांचे खड्डे पडतात. नेमके तिथे, आणि नेमके कोंब फुटायच्या आठवड्यात. लावलेल्या रोपांत गिरिपुष्प किंवा सुबाभूळ असेल तर पाच वर्षांत सावली दाटते आणि ऊन लागणारी खालची मंडळी संपतात. उरलेल्या जागी रानमोडी आणि घाणेरी. हिवाळ्याअखेर ती वाळली की एखाद्या विडीच्या थोटकानं उतार पेटतो. आग वरवरची असली तर मातीखालचा कंद टिकतो, पण पेटलेल्या उतारावर पहिल्या पावसात माती वाहून जाते आणि कातळावर ती मुळातच चार बोटं असते.

पावलांचंही आहेच. कारवी आठ वर्षांनी फुलते, २०१६ला फुलली, २०२४ला फुलली, तेव्हा उद्यानात जत्रा भरली आणि वर्तमानपत्रांत पानंच्या पानं आली. मुसळी दरवर्षी फुलते. कारवीचा फोटो काढायला चार पावलं मागे सरकणाऱ्यांच्या टाचेखाली ती असते. माझाही बूट वीतभरावरच होता.

आता थोडं पोटापाण्याचं. या कुळाच्या तीन-चार जातींची कोवळी पानं आपण खातो. कुठे फोडशी म्हणतात, कुठे कुलू, कुठे कुलीची भाजी. आषाढात बोरिवली स्टेशनबाहेर पालघर-वाड्याकडच्या बायका टोपल्या घेऊन बसतात: शेवळं, टाकळा, भारंगी, कंटोळी आणि पातीच्या कांद्यासारख्या दिसणाऱ्या फोडशीच्या जुड्या. निवडायला वेळ लागतो. बुडाकडचा पांढरा टणक भाग कापून टाकायचा, मधला दांडा ओढून काढायचा, पानांत माती फार म्हणून तीन पाण्यांतून धुवायची. मग बारीक चिरून भिजवलेली मुगाची नाहीतर चण्याची डाळ, कांदा, लसूण, हिरवी मिरची. आमच्याकडे आई शेवटी खोबरं घालते, शेजारच्या वसईच्या काकू घालत नाहीत आणि त्यावर दरवर्षी बोलणं होतं.

मागच्या पावसाळ्यात एका जुडीत दोन दांड्यांना कळ्या होत्या. मी त्या निरखत बसलो तशी विकणारी म्हणाली, "दांडा आला म्हंजे जून झाली, ती बाजूला ठेव दादा, दुसरी घे." मी विचारलं, याला मुळं नसतात का कधी? ती माझ्याकडे येड्यासारखी बघायला लागली. "मूळ कशाला उपटायचं? पान इळ्यानं कापायचं. मूळ ऱ्हायलं तर पुन्यांदा फुटतंय, म्हैन्यात दोनदा येतंय." शेजारची म्हातारी टोपली सावरत म्हणाली, "मुसळीवाले उपटतात. ते येगळे." एवढं बोलून ती गिऱ्हाइकाकडे वळली. ती जुडी बोरिविलिएनमची होती की त्याच्या भावाची, हे कळ्यांवरून ठरवणं शक्य नव्हतं. मी दोन्ही दांडे घरी पाण्यात ठेवले, पण ते उमलले नाहीत.

या कुळाच्या दीडेक डझन जाती भारतात आहेत आणि त्यातल्या बऱ्याच सह्याद्रीच्या आसपास. आपल्या गावाचं नाव लावणारी बोरिवली एकटी नाही. कोल्हापूरचं नाव लावणारी एक जात आहे, गोठण्याचं नाव लावणारी एक. ज्यांनी ती शोधली त्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या मंडळींनी त्यातल्या काहींची रोपं बागेत वाढवली, हा खरा शहाणपणा. आणि या कुळाचा सगळ्यात प्रसिद्ध नातेवाईक तुमच्या गॅलरीत असण्याची शक्यता आहे: स्पायडर प्लांट, मूळचा आफ्रिकेचा, नर्सरीत पन्नास-शंभराला मिळणारा, पांढऱ्या पट्ट्यांचा. त्याचं फूल नीट पाहा, खूण पटेल.

मामानं ती शेती सोडली तरी वाड्याच्या मागच्या अंगणात, तुळशीच्या कट्ट्याशेजारी, उरलंसुरलं बेणं टाकलं होतं. ते मेलं नाही. दर मृगानंतर चार-पाच चक्र्या वर येतात. चार वर्षांपूर्वी मी त्यातली चकतीसकट तीन मुळं वर्तमानपत्रात गुंडाळून विदर्भ एक्स्प्रेसनं मुंबईला आणली आणि कुंडीत लावली. दोन कुजली, एक लागलं. दुसऱ्या वर्षी फूल आलं तेव्हा मला कल्पना सुचली की याचं बी कान्हेरीच्या वाटेवर टाकावं, बोरिवलीचं बोरिवलीला. मास्तरांना फोन केला. ते ऐकून घेतल्यावर म्हणाले, "अजिबात टाकू नका. तुमचं ते डांगचं असेल, मध्य प्रदेशातलं असेल, शेतात पिढ्या काढलेलं आहे. इथल्यात मिसळलं तर इथलं राहिलेलं तेही बिघडेल. गॅलरीत ठेवा आणि पाणी बेतानं घाला."

कुंडी गॅलरीतच आहे, स्पायडर प्लांटच्या शेजारी. ऑक्टोबरात पानं गेली की बाई दरवर्षी विचारतात, ही रिकामी कुंडी धुऊन ठेवू का? मी त्यावर आता एक चिठ्ठी चिकटवली आहे: 'आत आहे. हलवू नये.'